बघायला कुणाच्या बापाची परवानगी?



आपल्या चळवळीत एक नवं सोवळं शिरलं आहे. मोर्च्याला गेलेलं चालतं. मेळाव्याला गेलेलं चालतं. दीक्षाभूमीला, चैत्यभूमीला गेलेलं तर चालतंच चालतं. पण एखादा पोऱ्या म्हणाला की मी दोन दिवस औरंगाबाद पाहून येतो, मकबरा पाहतो, पाणचक्की पाहतो, लेण्या पाहतो, की आपलेच शहाणे त्याच्यावर तुटून पडतात. "पोटाले भाकर नाई अन् तू लेण्या पाह्याले चालला?" "फिरनं हे पांढरपेशायचं काम हाय बे." "तेवढ्या पैशात शाखेचा बोर्ड झाला असता."

हे बोलणाऱ्यांची नियत मला ठाऊक आहे. ते कामाचे लोक आहेत, लाठ्या खाल्लेले आहेत. मालकानं हेच म्हटलं असतं तर थुंकून पुढं गेलो असतो. आपला माणूस म्हणतो, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

मी खामगावच्या एका जिनिंगमध्ये काम करतो. सातवीनंतर शाळा सुटली, पुढचं जे काही वाचलं ते पाळीवरून आल्यावर. कापसाच्या गंजीवर चढायचं, मशीनपुढं कापूस ढकलायचा, सरकी एकीकडं, रुई एकीकडं. रुईच्या गाठी बांधल्या जातात अन् ट्रकमध्ये चढून निघून जातात. त्या गाठी जातात त्या रस्त्यानं आपण कधी गेलो काय, हा प्रश्न मला त्या गंजीवर बसूनच पडला.

या खामगावला १८७० साली जलंबहून रेल्वेचा फाटा आला. कुणासाठी आला? वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरावर जावा अन् तिथून विलायतेच्या गिरण्यांत जावा, यासाठी आला. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातल्या कापसानं समुद्र पाहिला. तो वेचणाऱ्या बाईनं तालुका पाहिला नव्हता.

आणि आपले आजे-पणजे? ते काही घरात बसून नव्हते. महार चालतच होता. गावचा सांगावा घेऊन चालला, सरकारी कागद घेऊन चालला, मयताची खबर घेऊन रात्री-बेरात्री चालला, साहेबाच्या घोड्यापुढं धावला. वाट दुसऱ्याची, ओझं दुसऱ्याचं, तोंडातला निरोप दुसऱ्याचा. आयुष्यभरात हजार कोस पाय झिजले असतील, पण एका तरी कोसावर त्याला कुणी म्हटलं काय, थांब गड्या, हा देखावा तू तुझ्यासाठी बघ? ज्याच्या गावात पाय ठेवला तिथं वेशीबाहेर उभं राहून त्यानं निरोप दिला अन् परत फिरला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. कुणाचा निरोप न घेता, कुणाचं ओझं न उचलता, फक्त आपल्या डोळ्यांसाठी गावाबाहेर पडणं, ही आपल्या लोकांच्या इतिहासात नवी गोष्ट आहे. ती चैन म्हणून बाजूला टाकू नका. तो हक्क आहे, आणि बाकीच्या हक्कांसारखाच तो अजून अर्धाच हातात आला आहे.

पटत नाही? मग बाबासाहेबांचंच ऐका.

१९३४ साल. महाडचं तळं होऊन गेलं होतं. काळाराम झाला होता. गोलमेज झाली, पुणे करार झाला. माणूस किती धामधुमीत होता ते मी तुम्हाला सांगायला नको. अशा वेळी चळवळीतले काही सहकारी त्यांना म्हणाले, आपण सहलीला जाऊ. बाबासाहेब हो म्हणाले. पोस्टर छापा म्हणाले नाहीत! तीसेक माणसं, भाड्याच्या बसगाड्या अन् मोटारी. नाशिकहून निघाले, येवल्यावरून औरंगाबादच्या रस्त्याला लागले. वेरूळची बौद्ध लेणी बघायचीच, हे ठरलेलं. वाटेत दौलताबादचा किल्ला. आपण कोण, कुठं चाललो, हे त्यांनी मुद्दाम गाजवलं नव्हतं. कारण अस्पृश्य माणूस सहलीला निघाला की त्याचे काय हाल होतात, हे त्यांना माहीत होतं.

दौलताबादला आपली माणसं चहा घेऊन वाट पाहत उभी होती. यांना चहाची तलफ होती. पण दिवस कलायच्या आत किल्ला बघून व्हायला पाहिजे, म्हणून चहा मागं ठेवला अन् आधी किल्ल्याकडं गेले. हे नीट वाचा. चहा थांबला, किल्ला थांबला नाही. बघणं एवढं मोठं वाटत होतं त्यांना.

किल्ल्याच्या दारापाशी पाण्यानं भरलेला हौद होता. प्रवासाच्या धुळीनं अंग माखलेलं. काहींनी तोंड-पाय धुतले. तेवढ्यात मागून एक म्हातारा ओरडत आला, की धेडांनी हौद बाटवला. रमजानचा महिना होता. बघता बघता गर्दी जमली, शिवीगाळ झाली. बाबासाहेब संतापले. त्यांनी थेट विचारलं, की तुमचा धर्म हेच शिकवतो काय, आणि हाच अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्याला पाणी नाकाराल काय. गर्दी गप्प झाली. पुढं किल्ल्याच्या पहारेकऱ्यानं नाव लिहून घेतलं, आत जाऊन विचारून आला अन् म्हणाला, जा, पण आत कुठंही पाण्याला हात लावायचा नाही. वर एक बंदूकवाला शिपाई संगतीला दिला, लक्ष ठेवायला.

हे सगळं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. जात नावाचा रोग हिंदूपुरता राहिला नव्हता, शेजारच्यालाही लागला होता, हे त्यांनी तिथं दाखवून दिलं. आजचे काही लोक हा प्रसंग मुसलमानांविरुद्ध वापरू बघतात. त्यांना विचारा, तो रोग मुळात निघाला कुणाच्या घरातून?

पण आपण या प्रसंगातली एक गोष्ट विसरतो. ती सहल होती. सत्याग्रह नव्हता, परिषद नव्हती. तीस माणसं जुना किल्ला अन् लेणी बघायला निघाली होती, आणि तेवढ्याला व्यवस्थेनं बंदूक लावली. आता सांगा, बघणं ही पांढरपेशांची चैन असती तर बंदूक कशाला लागली असती?

आज तो शिपाई नाही. तिकीट काढा अन् आत जा. मग आपण मोकळे झालो काय? नाही बावा. तीन नवे शिपाई उभे आहेत.

पहिला शिपाई पैशाचा. आणि इथं लोक चुकतात. अजिंठ्याचं तिकीट आपल्या माणसाला चाळीस रुपये, पंधरा वर्षांखालच्या लेकराला फुकट. चाळीस रुपये जड नाहीत. जड आहे तो बुडालेला रोज. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, आणि आमच्या सुट्टीचा वार मालक ठरवणार. रात्र काढायची तर लॉजचं भाडं म्हणजे आणखी एक-दोन रोज. याच राज्यात सरकारनं २००४ सालापासून 'डेक्कन ओडिसी' नावाची राजेशाही आगगाडी काढली, वेरूळ-अजिंठा दाखवायला. त्या गाडीतल्या एका तिकिटात आमची आख्खी पाळी वर्षभर फिरून येईल. ज्याच्याकडं वेळ अन् पैसा दोन्ही आहे त्याच्यासाठी गाडी. ज्याच्याकडं दोन्ही नाही त्याच्यासाठी सरकारनं काय केलं? कामगारांसाठी एखादी साधी धर्मशाळा? जिल्ह्याच्या स्टँडवरून महिन्यातून एक लेणी-गाडी? मागितली कुणी? आपण तरी मागितली काय?

दुसरा शिपाई आडनावाचा. औरंगाबादेत एका लॉजवाल्यानं माझं आधार कार्ड पाहिलं, आडनाव वाचलं, गाव वाचलं अन् म्हणाला खोली नाही. माझ्या मागचा माणूस चावी घेऊन वर गेला. धेड हा शब्द आता कुणी उच्चारत नाही. 'खोली नाही' म्हणतात. ती रात्र मी एस.टी. स्टँडवर काढली अन् सकाळी नळावर तोंड धुऊन लेण्या बघायला गेलो. परत फिरलो असतो तर तो लॉजवाला जिंकला असता.

तिसरा शिपाई गोष्टीचा. तो सगळ्यात चिवट. गाईड येतो अन् राजा-राणीचं लचांड लावून देतो. या शहरात तर नावाचाच तमाशा. २०२३ साली औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. दोन्ही बाजूंनी गळे काढून झाले. पण त्या गर्दीत एक नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. हे शहर वसवलं कुणी?

मलिक अंबरनं. आफ्रिकेतला, हबशी. पोरवयात गुलाम म्हणून विकला गेला, एका बाजारातून दुसऱ्या बाजारात, एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडं. तोच माणूस दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, दिल्लीच्या मोगलांना वर्षानुवर्षं घाम फोडला, आणि १६१० साली त्यानं खडकी गावाचं शहर केलं. औरंगजेबाचं नाव लागलं ते पुढं १६५३ साली. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीनं शहरात आणलं तेही अंबरनं. गुलामानं शहर वसवलं अन् शहराला पाणी पाजलं! त्यानं बांधलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे, आणि त्याच्याजवळच बाबासाहेबांचा पुतळा आहे. १४ एप्रिलला तिथं निळा समुद्र लोटतो. त्या समुद्रातल्या किती पोरांनी मान वर करून दरवाजा पाहिला? त्याला तिकीट नाही, वेळ नाही, सुट्टीचा वार नाही.

आता हिशोबाचं बोलू. कारण नुसतं 'बघा' म्हणणं सोपं असतं.

खामगावहून, चिखलीहून एस.टी. पकडा. जालन्याच्या वाटेनं जा अन् थोडी वाट वाकडी करून आधी सिंदखेड राजा बघा. तो तर आपलाच. जिजाऊंचा जन्म तिथला, लखुजी जाधवांचा वाडा तिथला. याच लखुजींना १६२९ साली दौलताबादेत निजामशहाच्या दरबारात दगा देऊन मारलं. म्हणजे आपल्या जिल्ह्याचा अन् त्या किल्ल्याचा संबंध जुना आहे. बायांना एस.टी.त २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरच्या पुढच्या म्हाताऱ्यांना २०२२ पासून फुकट. चार किंवा सात दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' पास मिळतो, चौकशी करा. भाकर, ठेचा, शेंगदाण्याची चटणी एक दिवस टिकते. दुसऱ्या दिवशी जुन्या शहरात नान-खलिया खा, पोट भरतं. झोपायला नागसेनवनात, विद्यापीठात शिकणारं आपल्या तालुक्याचं एखादं पोरगं शोधा, सतरंजी टाकायला जागा देतं. मला हे सगळं मिळून दोन रोजांची मजुरी पडली. खर्चातला मोठा भाग एस.टी.चा. बाकी पायांनी भागतं.

पायांनी कसं, ते सांगतो. सकाळी पाणचक्की. मिलमध्ये काम करणाऱ्यानं तर ती बघावीच. काही मैलांवरून मातीच्या नळांतून पाणी आणलं, खांबावर चढवलं, वरून सोडलं अन् त्या पाण्याच्या जोरावर जातं फिरवलं. वीज नाही, बैल नाही. दर्ग्यातल्या फकिरांना, वाटसरूंना, शिकायला आलेल्या पोरांना लागणारं पीठ तिथं दळलं जायचं. मी तिथं अर्धा तास उभा होतो. माझ्या मिलचा पट्टा अन् तो पाण्याचा लोट एकाच जातीचे वाटले मला. तिथून पुढं मकबरा. त्याला लोक गरिबाचा ताजमहाल म्हणून हिणवतात. हिणवू द्या. औरंगजेबाच्या बेगमेचं थडगं, तिच्या पोरानं बांधलेलं, त्यात गरीब कोण? पण दारापाशी थांबा. त्या दारावर कारागिरांची नावं आहेत, अताउल्ला अन् हंसपत राय. गाईड घाईत पुढं नेतो, तुम्ही जाऊ नका.

पुढं चालत विद्यापीठाचं गेट. नुसती कमान म्हणून बघू नका. १९७८ साली नामांतराचा ठराव झाला अन् मराठवाड्यात आपली घरं जळाली. पोचिराम कांबळे गेले. गौतम वाघमारे गेले. सोळा वर्षं लागली, तेव्हा १४ जानेवारी १९९४ ला नाव आलं. बाबासाहेबांनी १९५० साली याच शहरात मिलिंद कॉलेज काढलं, त्याच्या परिसराला नागसेनवन नाव दिलं. राजाचं नाव कॉलेजला, त्या राजाच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या भिक्खूचं नाव वनाला. प्रश्न अन् उत्तर शेजारी-शेजारी.

आणि त्याच विद्यापीठामागच्या डोंगरात बुद्धलेणी. अजिंठ्याच्या मानानं कुणी फारसं जात नाही. तीन नंबरच्या लेण्यात बुद्धापुढं गुडघे टेकून, हात जोडून बसलेल्या बाया-माणसांची रांग आहे, दगडाची, माणसाएवढी. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वर आहे. आग, बेड्या, बुडतं जहाज, हत्ती, साप अशा आठ संकटांत सापडलेली माणसं त्याला हाक मारतात. देवाधर्माचं सोडा. दीड हजार वर्षांपूर्वी कुणाला तरी वाटलं की माणसाची भीती दगडात कोरावी, तिची लाज बाळगू नये. मशीनमध्ये हात जाईल या भीतीत जगणाऱ्या माणसाला ते आतपर्यंत कळतं.

जमलं तर तिसऱ्या दिवशी अजिंठा. अजिंठ्याचा डोंगर म्हणजे आपल्या बुलडाण्याच्याच उशाचा डोंगर, परका नाही. सगळे सव्वीस नंबरच्या झोपलेल्या बुद्धाकडं पळतात. तुम्ही चोवीस नंबर चुकवू नका. ते अर्धवट राहिलेलं लेणं आहे. छिन्नीचे घाव उघडे पडलेत, अर्धे खांब दगडातून बाहेर यायचे राहिलेत. पूर्ण झालेल्या लेण्यात दाता दिसतो, अर्धवट लेण्यात मजूर दिसतो. आणि दाते तरी सगळे राजेच होते असं नका समजू. कार्ल्याच्या लेण्यात दाराचं काम करणाऱ्या सामी नावाच्या सुताराचं नाव कोरलेलं आहे. नाशिकच्या एका लेण्यात मुगुदास नावाच्या कोळ्याचं दान आहे. मनूच्या माणसांनी ज्यांना नाव ठेवू दिलं नाही, त्यांची नावं बुद्धाच्या दगडानं दोन हजार वर्षं सांभाळली. ही गोष्ट भाषणात शंभरदा ऐकून जे होत नाही ते त्या लेण्यात पाच मिनिटं उभं राहून होतं.

एक तंबी. अजिंठ्याच्या दहा नंबरच्या लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ नावाच्या गोऱ्या शिपाई-साहेबानं १८१९ साली आपलं नाव खरडून ठेवलं. शिकारीला आला होता अन् म्हणे लेणी 'शोधली'. आपली काही पोरं खांबांवर 'जयभीम' खरडून येतात. ती कुणाची लेकरं, जॉन स्मिथची की भीमाची? जयभीम तोंडानं म्हणा, खांबाला हात लावू नका. आणि न बघताच 'सगळं आपलंच' म्हणून गरजणंही सोडा. वेरूळला चौतीस लेणी आहेत. पहिली बारा बौद्धांची, पुढची ब्राह्मणी धर्माची, शेवटची पाच जैनांची. आधी मोजा, बघा, ताडून पाहा, मग वाद घाला. बामणी इतिहास खोटा पाडायचा तर आपला खरा पाहिजे.

आता तो शेवटचा सवाल: तेवढ्या पैशात बोर्ड झाला असता. झाला असता. पण बोर्डावर काय लिहिणार? ज्यानं काही पाहिलंच नाही तो दुसऱ्यानं लिहिलेलं उतरवणार. सहा डिसेंबरला मुंबईला गेलेला आपला माणूस चैत्यभूमीवरून गेट वेला समुद्र बघायला गेला की पेपरवाले अन् फ्लॅटवाले नाकं मुरडतात. त्यांच्या नाक मुरडण्यात अन् आपल्या शाखेच्या टोमण्यात फरक काय राहिला, याचा विचार करा. ते म्हणतात, यांना कळतं काय. आपण म्हणतो, आपल्याला परवडतं काय. दोघांचं मिळून निष्पन्न एकच: आपला माणूस घरी.

आणि घरी सगळ्यात जास्त कोण? आपली माय. माझ्या मायनं पन्नास वर्षांत माहेर पाहिलं, सासर पाहिलं, सरकारी दवाखाना पाहिला अन् वावरं पाहिली, तीही लोकांची. क्रांतीच्या भाषणात आपण तिला सावित्री-रमाई म्हणतो, अन् सहल निघाली की पोरं-पोरं गाडीत. तिला नेलं नाही तर तुमची सहलही पाटलाच्याच पंगतीतली.

म्हणून शाखा-शाखांना माझं सांगणं आहे. महिन्याला माणशी वीस रुपये बाजूला टाका. वर्षातून एकदा निघा, बाया-लेकरं, म्हातारे सगळे. जाण्याआधी एका संध्याकाळी जिथं जायचं तिथलं वाचून घ्या. ज्या लॉजवाल्यानं आडनाव वाचून दार लावलं, त्याच्या दारात चौघांनी मिळून जाब विचारा. कामगार खात्याकडं, एस.टी.कडं अर्ज करा: सुट्टीच्या दिवशी गाडी द्या, रात्रीला निवारा द्या. भीक म्हणून मागू नका. ज्या कापसाच्या जिवावर इथं रेल्वे आली, तो कापूस आपल्या बायांच्या हातून गेला आहे.

आणि परत आल्यावर या अंकासाठी एक पान लिहून पाठवा. कविता नसली तरी चालेल. काय पाहिलं, कुणी अडवलं, किती पैसे लागले, एवढं लिहा. म्हणजे पुढच्या गावच्या पोराला कुणी "कायले चालला बे" म्हटलं की त्याच्या हातात उत्तर असेल.

जयभीम.